उडून जाणारे औषध : फळबागेतील कोळी आणि सुगंधी तेले

फळबागेत ‘लाल कोळी’ म्हणून ओळखली जाणारी कीड खरे तर कीटकच नाही. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. गोचीड, विंचू आणि घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी ही त्याची भावकी. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. पुढच्याच अवस्थेत त्याला उरलेले दोन मिळतात. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. जगभरच्या फळपिकांवर सर्वांत जास्त नुकसान करणारी जात म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी, शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिसी. जर्मन अभ्यासक कोख यांनी १८३६ साली तिचे वर्णन केले. स्ट्रॉबेरी, पपई, सफरचंद, पीच, भाजीपाला, गुलाब अशा हजाराहून अधिक वनस्पतींवर ती जगते.

प्रत्येक फळाचे आपापले कोळीही आहेत. सफरचंदावर युरोपीय लाल कोळी येतो. लिंबूवर्गीय फळांवर लाल कोळी आणि फळाची साल तांबारवणारा सूक्ष्म कोळी असे दोन वेगळे शत्रू आहेत. लिचीच्या पानांवर मखमलीसारखी तपकिरी वाढ दिसते ती एका अतिसूक्ष्म कोळ्यामुळे. नारळावरचा इरिओफाइड कोळी भारतात प्रथम १९९८ साली केरळात आढळला आणि पुढे किनारपट्टीने पसरला. तो कोवळ्या नारळाच्या देठाकडील टोपीखाली दडून राहतो, त्यामुळे वरून केलेली फवारणी त्याच्यापर्यंत फारशी पोचत नाही. कोळ्यांवरच्या कोणत्याही उपायाचा विचार या प्रश्नापासून सुरू होतो : औषध कोळ्यापर्यंत पोचणार कसे?

पानाच्या खालच्या बाजूला

दहा पट मोठे दाखवणारे भिंग घेऊन स्ट्रॉबेरीचे पान उलटे केले की प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. शिरांच्या कडेने बारीक रेशमी धागे ताणलेले असतात. त्या धाग्यांत गोल, पारदर्शक, मोत्यासारखी अंडी अडकलेली दिसतात. जवळच पांढरट रिकाम्या काती असतात आणि त्यांच्यामधून फिकट पिवळसर, पाठीवर दोन काळसर डाग असलेले कोळी फिरत असतात. काही अगदी स्थिर दिसतात. ते मेलेले नसून कात टाकण्याआधीच्या विश्रांतीत असतात.

कोळी सुईसारखे मुखावयव पानात खुपसून एकेका पेशीतील रस आणि हरितद्रव्य शोषतो. एक कोळी मिनिटाला सुमारे वीस पेशी रिकाम्या करू शकतो. रिकाम्या पेशींचे पांढरे ठिपके पानाच्या वरच्या बाजूला दिसतात. ठिपके एकत्र आले की पान फिकट, मग तांबूस आणि शेवटी करपल्यासारखे होते. पानाची अन्न तयार करण्याची ताकद घटते, फळ लहान राहते आणि साखर कमी भरते.

ऊन तापले आणि हवा कोरडी झाली की संख्या झपाट्याने वाढते. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत संपतो. एक मादी शंभरावर अंडी घालू शकते. शिवाय नराशी मीलन न झालेली मादीही अंडी घालते; त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. म्हणजे वाऱ्याबरोबर आलेली एकटी मादी स्वतःच्याच मुलांच्या साहाय्याने नवी वसाहत उभी करू शकते.

रासायनिक कोळीनाशकांची कोंडी

कोळी पूर्वीपासून होते, पण ते जगभरची मोठी कीड बनले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डीडीटी आणि त्यामागून आलेल्या कीटकनाशकांनी कोळ्यांना खाणारे भुंगेरे, फुलकिडे आणि भक्षक कोळी मारले; पाने खाणारे कोळी मात्र जाळीखाली वाचले. आजही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील फवारणीनंतर कोळ्यांचा उद्रेक होतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

यावर उपाय म्हणून खास कोळीनाशके आली, आणि कोळ्यांनी त्यांनाही तोंड दिले. दोन ठिपक्यांच्या कोळ्याने आतापर्यंत नव्वदहून अधिक रसायनांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवल्याची नोंद आहे. २०११ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात विषारी द्रव्ये निकामी करणाऱ्या जनुकांचा मोठा साठा आढळला. त्यातली काही जनुके मुळात जिवाणू आणि बुरशी यांच्याकडून आलेली आहेत. ज्या जिवाला हजार प्रकारच्या वनस्पतींची विषे पचवावी लागतात, तो प्रयोगशाळेत बनवलेले विषही पचवायला लवकर शिकतो.

दुसरी कोंडी अंशांची आहे. निर्यातीच्या द्राक्षांची उर्वरित अंशांसाठी तपासणी होते आणि मर्यादा ओलांडली की माल परत येतो. डायकोफॉल हे एकेकाळी सर्रास वापरले जाणारे कोळीनाशक २०१९ साली स्टॉकहोम करारातील बंदीच्या यादीत गेले. हातातली औषधे अशी एकेक करून कमी होत असताना वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे संशोधकांचे आणि बागायतदारांचे लक्ष वळले.

सुगंधी तेल म्हणजे नेमके काय

शेतात ‘वनस्पतिजन्य तेल’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कडुनिंब, करंज, सोयाबीन यांची तेले बिया गाळून काढतात. ती जड असतात, हवेत उडत नाहीत आणि कागदावर कायमचा डाग ठेवतात. कोळ्याच्या अंगावर आणि अंड्यांवर त्यांचा थर बसून तो गुदमरतो. कडुनिंबाच्या बाबतीत ॲझाडिरॅक्टिन या द्रव्याचा जादा परिणामही मिळतो.

सुगंधी तेल हा वेगळा प्रकार आहे. पाने, फुले, साल किंवा बिया यांतून वाफ सोडतात, वाफेबरोबर आलेले सुगंधी रेणू थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारा थर वेगळा काढतात. हे तेल कागदावर टाकले तर बहुतेक सगळे उडून जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. निलगिरी आणि रोजमेरी यांच्या तेलात सिनिऑल, ओव्याच्या आणि थाइमच्या तेलात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, संत्र्याच्या सालीत लिमोनीन ही त्यांतली प्रमुख द्रव्ये. वनस्पती ही द्रव्ये स्वतःच्या बचावासाठी बनवते.

महाराष्ट्राला या धंद्याची जुनी ओळख आहे. रोशा गवत, म्हणजे तिखाडी, खानदेश आणि निमाडच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवते. एकोणिसाव्या शतकात तिथे ओढ्याकाठी भट्ट्या लावून रोशा तेल काढले जाई आणि मुंबई बंदरातून ते बाहेर जाई. तुर्कस्तानात ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, त्यामुळे युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे चुकीचे नाव पडले. या तेलाचा मुख्य घटक जिरेनिऑल. आज अमेरिकेत फळबागांसाठी विकल्या जाणाऱ्या एका कोळीनाशकात रोजमेरी आणि पेपरमिंटच्या तेलांबरोबर हेच जिरेनिऑल वापरले जाते.

कोळी मरतो कसा

सुगंधी तेल कोळ्यावर एकाच वेळी अनेक बाजूंनी काम करते. थेंब अंगावर पडला तर तो बाहेरच्या मेणचट आवरणात शिरतो आणि आतले पाणी राखण्याची क्षमता बिघडवतो. वाफ श्वसनमार्गाने आत जाते. आत गेलेले रेणू मज्जासंस्थेवर मारा करतात.

या माऱ्यातील एक महत्त्वाचे लक्ष्य म्हणजे ऑक्टोपामिन. कीटक आणि कोळी यांच्या शरीरात हालचाल, हृदयाचे ठोके आणि उत्तेजना यांचे नियमन हा संदेशवाहक करतो. युजेनॉलसारखी काही द्रव्ये ऑक्टोपामिनच्या ग्राहकांवर बसून हे नियमन उधळून टाकतात. मनुष्य आणि गुरे यांच्या शरीरात ऑक्टोपामिनला असे महत्त्व नाही. सुगंधी तेले सस्तन प्राण्यांना तुलनेने कमी घातक ठरतात, त्याचे हे एक कारण आहे. गुरांच्या गोचिडांवर वापरले जाणारे ॲमिट्राझ हे रासायनिक औषधही याच ग्राहकांवर काम करते. थायमॉल मज्जातंतूंना शांत करणाऱ्या दुसऱ्या संदेशयंत्रणेत ढवळाढवळ करते, तर सिनिऑल मज्जातंतूंमधील एका आवश्यक विकराला अडवते.

मारण्याखेरीज आणखी दोन परिणाम होतात. वासामुळे कोळी फवारलेल्या पानापासून दूर जातो आणि मादी कमी अंडी घालते. बागेच्या हिशेबात या न मारणाऱ्या परिणामांनाही किंमत आहे.

प्रयोग काय सांगतात

दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००४ साली ५३ सुगंधी तेले दोन ठिपक्यांच्या कोळ्यावर तपासून प्रसिद्ध केली. बंद जागेत नुसत्या वाफेने मारण्यात सिट्रोनेला, पेपरमिंट, लिंबूगंधी निलगिरी आणि शहाजिरे यांची तेले पुढे होती.

याहून बागायतदाराच्या अधिक कामाचे प्रयोग कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे आइसमन यांच्या गटाने केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात हरितगृहातील टोमॅटोवर रोजमेरी तेलाचे औषध फवारले गेले. शिफारशीच्या मात्रेत एका फवारणीने कोळ्यांची संख्या ५२ टक्क्यांनी घटली. पाने, फुले आणि फळे दुप्पट मात्रेतही सुरक्षित राहिली. कोळ्यांना खाणारा फायटोसियुलस हा भक्षक कोळी त्या मात्रेत मेला नाही आणि त्याची अंडीही वाचली. औषधाचा परिणाम एक-दोन दिवसांत पूर्ण ओसरला.

हे आकडे नीट वाचायला हवेत. निम्म्याहून थोडे अधिक कोळी मारणारे औषध एरवी कमजोर म्हणून बाजूला टाकले जाईल. पण त्याच फवारणीत मित्रजीव वाचले असतील आणि दोन दिवसांनी पानावर काहीही उरत नसेल, तर उरलेल्या कोळ्यांचा समाचार भक्षक घेऊ शकतो. सुगंधी तेलाची खरी ताकद या जोडीत आहे.

त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात रोजमेरी तेलाचे प्रमुख घटक वेगवेगळे करून आणि पुन्हा मिसळून पाहिले गेले. सगळे घटक एकत्र असतील तरच मूळ तेलाइतका परिणाम मिळत होता. शिवाय तोच कोळी घेवड्यावर आणि टोमॅटोवर तेलाला सारखा दाद देत नव्हता. म्हणून एका पिकावर ठरलेली मात्रा दुसऱ्या पिकावर जशीच्या तशी उचलता येत नाही.

अनेक घटकांच्या मिश्रणाचा आणखी एक फायदा प्रतिकारशक्तीच्या बाबतीत दिसतो. मावा या किडीवरच्या एका जुन्या प्रयोगात चाळीस पिढ्यांनंतर शुद्ध ॲझाडिरॅक्टिनविरुद्ध नऊ पट प्रतिकार तयार झाला. अनेक घटक असलेल्या निंबोळी अर्काविरुद्ध मात्र तो झाला नाही. एकाच कुलपाची चावी बनवणे सोपे असते, दहा कुलपांची अवघड. तरीही हे कायमचे अभयदान नव्हे. दर आठवड्याला तेच तेल फवारत राहिले तर कोळी त्यालाही सरावू शकतो.

उघड्या बागेतली अडचण

थायमॉल कोळ्यांना मारते याचा सर्वांत भक्कम पुरावा शेतात नाही, मधमाशीच्या पेटीत आहे. मधमाश्यांच्या अंगावरील व्हॅरोआ या परोपजीवी कोळ्यासाठी थायमॉलची जेल किंवा वड्या अनेक देशांत वर्षानुवर्षे वापरात आहेत. पेटी बंद असते. वाफ आत कोंडून राहते आणि काही आठवडे हळूहळू काम करते. तिथेही हवा फार थंड असेल तर पुरेशी वाफ होत नाही, आणि फार गरम असेल तर ती इतकी दाट होते की माश्याच पेटी सोडू लागतात.

बागेला झाकण नाही. फवारलेला थेंब उन्हात आणि वाऱ्यात काही तासांत हलका होतो. अंगावर थेट थेंब पडलेला कोळी मरतो. पानाच्या दुसऱ्या बाजूला असलेला किंवा जाळीच्या दाट पडद्यामागचा वाचतो. अंडी आणि विश्रांतीतील अवस्था प्रौढांपेक्षा कणखर असतात. जो गुण फळावर अंश ठेवत नाही, तोच गुण परिणाम टिकू देत नाही. या तेलांबाबतच्या जवळजवळ सगळ्या अडचणी आणि सगळे फायदे या एका गुणातून निघतात.

म्हणून संशोधनाचा मोठा भाग आता नव्या तेलाच्या शोधापेक्षा तेल रोखून धरण्याच्या युक्त्यांकडे वळला आहे. तेलाचे थेंब अतिसूक्ष्म करून पाण्यात स्थिर ठेवणे, सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या शर्करेच्या पोकळीत रेणू अडकवणे, किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या बारीक कुपीत ते भरणे, हे त्यांतले मुख्य मार्ग. उद्देश एकच : दोन तासांत उडणारे तेल काही दिवस पुरवून सोडायचे.

टाकीतले पाणी आणि तेल

बाजारातून नुसते सुगंधी तेल आणून फवारणीच्या टाकीत ओतणे ही सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. तेल पाण्यावर तरंगते आणि पंप टाकीच्या तळातून पाणी ओढतो. त्यामुळे पहिल्या ओळींवर नुसते पाणी जाते आणि शेवटच्या ओळींवर जवळजवळ निव्वळ तेल. कोळी सुरुवातीच्या ओळींत जिवंत राहतात आणि पाने शेवटच्या ओळींत भाजतात.

ते टाळण्यासाठी इमल्सीफायर, म्हणजे तेल पाण्यात एकजीव करणारे द्रव्य, योग्य प्रमाणात लागते. आधी काचेच्या बरणीत चाचणी घ्यावी. बागेत वापरायचेच पाणी बरणीत घेऊन त्यात ठरलेल्या प्रमाणात मिश्रण टाकावे, झाकण लावून हलवावे आणि अर्धा तास ठेवावे. द्रावण दुधासारखे एकसारखे राहिले तर ठीक. वर तेलाची साय आली किंवा खाली गाठी बसल्या तर ते मिश्रण टाकीत जाऊ नये. जड पाण्यात साध्या साबणाचा साका होतो, म्हणून चाचणी स्वच्छ पाण्यावर न घेता विहिरीच्या किंवा बोअरच्या त्याच पाण्यावर घ्यायला हवी.

पान भाजण्याचा धोका

‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा समज इथे घातक ठरतो. लवंग आणि दालचिनी यांची तेले जास्त तीव्रतेत सेंद्रिय शेतीत तणनाशक म्हणून वापरली जातात. जे तेल तण जाळते ते द्राक्षाची कोवळी फूटही जाळू शकते. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल असलेली तेलेही मात्रा वाढली की पानाच्या कडा करपवतात. नवे औषध आधी चार-दोन झाडांवर फवारून दोन-तीन दिवस पाहावे आणि मगच बागेत न्यावे. फवारणी संध्याकाळी करावी. ऊन कमी असल्याने पान भाजत नाही, तेल सावकाश उडते आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्या पोळ्याकडे परतलेल्या असतात.

द्राक्षात दोन गोष्टींची जादा काळजी लागते. भुरीसाठी गंधक सर्रास फवारले जाते, आणि गंधक स्वतः जुने कोळीनाशकही आहे. पण गंधक आणि तेल जवळजवळच्या दिवसांत फवारले तर पाने आणि मणी जळतात. म्हणून दोन्हींत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवण्याचा नियम आहे. दुसरे म्हणजे मण्यांवरची मेणचट पांढरी लव. बाजारात ताज्या द्राक्षाची ओळख तीच, आणि तेल व इमल्सीफायर तिला धुऊन टाकतात. मणी भरल्यानंतर तेलकट फवारणी घेतली तर कोळी मरूनही भाव पडू शकतो.

खर्च, प्रत आणि नोंदणी

एकरी ४०० लिटर पाणी आणि अर्धा टक्का तीव्रता धरली तर एका फवारणीला दोन लिटर तेल लागते. गवती चहाच्या ताज्या पाल्यातून साधारण अर्धा टक्का तेल निघते. म्हणजे एका एकराच्या एका फवारणीमागे सुमारे साडेतीनशे ते चारशे किलो गवत ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात जाते. हाच हिशेब सांगतो की सुगंधी तेल हे संपूर्ण हंगामभर दर आठवड्याला मारायचे औषध होऊ शकत नाही.

प्रतीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. एकाच नावाच्या वनस्पतीचे तेल वाण, जमीन, कापणीचा काळ आणि ऊर्ध्वपातनाचा वेळ यांनुसार बदलते. थाइमच्या काही प्रकारांत थायमॉल मुख्य असते, तर काहींत ते नाममात्र असून लिनॅलूल भरपूर असते. बाटलीवर वनस्पतीचे नाव पुरेसे नाही, मुख्य घटकाची टक्केवारी हवी.

अमेरिकेने १९९६ साली रोजमेरी, थाइम, लवंग, पेपरमिंट, गवती चहा यांसारख्या काही तेलांना अत्यल्प धोक्याच्या यादीत घालून नोंदणीतून सूट दिली, आणि त्यामुळे तिथे अशी उत्पादने लवकर बाजारात आली. भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार, ज्या पिकासाठी आणि किडीसाठी औषध विकायचे त्यासाठी केंद्रीय नोंदणी समितीची मान्यता लागते. नोंदणी क्रमांक, घटक आणि प्रमाण न छापलेली ‘हर्बल’ बाटली घेणे निर्यातदार बागायतदाराला परवडणारे नाही. तिच्यात रासायनिक औषध मिसळलेले असेल तर त्याचा अंश तपासणीत त्याच्याच मालात सापडतो.

हंगामातली नेमकी जागा

सुगंधी तेल सर्वांत उपयोगी पडते ते जिथे फळ सालीसकट खाल्ले जाते आणि तोडणी सतत चालू असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरची स्ट्रॉबेरी हे त्याचे नेमके उदाहरण. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पिकाची तोडणी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी होते. फवारणीनंतर आठवडाभर तोडणी थांबवायला सांगणारे औषध अशा शेतात वापरता येत नाही. आणि कोळ्यांचा जोर नेमका फेब्रुवारीनंतर, हवा तापून कोरडी होऊ लागते तेव्हा, म्हणजे तोडणी चालू असतानाच वाढतो.

अशा शेतात कामाचा क्रम असा राहतो. दर आठवड्याला शेताच्या कडेची आणि धुळीच्या रस्त्यालगतची पाने उलटून भिंगाने पाहायची, कारण प्रादुर्भावाची सुरुवात बहुधा तिथून होते. जाळी दाट होण्याआधी, ठिपके दिसू लागताच, फक्त प्रादुर्भाव झालेल्या पट्ट्यात फवारणी करायची. नोझल खालून वर धरून पानाची खालची बाजू पूर्ण ओली करायची. अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर येतात म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी फवारणी घ्यायची. त्यानंतर पुन्हा भिंग लावून कोळी आणि त्यांचे भक्षक दोन्ही मोजायचे. भक्षक वाढत असतील तर हात आवरायचा. या काळात पायरेथ्रॉइड गटातील कोणतीही फवारणी टाळायची, नाहीतर वाचवलेले भक्षक तिच्यात जातात. शेत पूर्ण जाळ्यांनी भरल्यावर मात्र सुगंधी तेलावर विसंबणे म्हणजे पीक आणि पैसा दोन्ही घालवणे. तिथे मान्यताप्राप्त कोळीनाशकच लागते, आणि तेही गट बदलून.

द्राक्षात हीच जागा छाटणीनंतरच्या पानवाढीच्या काळात आणि मणी भरण्याआधी आहे. नारळाच्या टोपीखाली दडलेल्या कोळ्यावर नुसती वाफ पुरत नाही. तिथे कडुनिंबाचे तेल, लसूण आणि साबण यांच्या मिश्रणाची घडावर थेट फवारणी ही भारतातील प्रचलित शिफारस आहे. पीक, कोळ्याची जात, त्याची लपण्याची जागा आणि तोडणीचे वेळापत्रक या चार गोष्टी ठरल्या की कोणते तेल, केव्हा आणि किती, याचे उत्तर त्यांतूनच मिळते. लवकर पाहणी, अचूक फवारणी आणि मित्रजीवांना संधी एवढ्या अटी पाळल्या, तर रासायनिक कोळीनाशकांच्या फवारण्या कमी करण्याचे काम सुगंधी तेल चोख बजावते.